धरमकाट्याच्या कॉम्प्युटरला कार्ड बसवताना

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न इतरांच्याही कामाचा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. जिनिंगच्या काट्यावरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा घेतला. नव्याला काट्याच्या इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची) ९ पिनांची वायर लावायला जागा नाही आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या २५ पिनांच्या वायरीलाही नाही. म्हणून तुम्ही दोन्ही पोर्ट असलेलं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आणलं. ते कोणत्या खाचेत बसवायचं, कॅबिनेट उघडताना समोरच्या बटनांच्या बारीक वायरी निघाल्या त्या कुठे लावायच्या, हे तुम्हाला हवं आहे. आणि जाता जाता तुम्ही लिहिलं आहे, "मागच्या हंगामात जुन्या मशीनमध्ये असंच कार्ड टाकलं होतं जी, दीड महिन्यात जळालं."

मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या वाक्याची वाटते. कार्ड बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे, ते सांगतोच. पण पहिलं कार्ड कशानं जळालं ते न शोधता दुसरं बसवलं, तर तेही त्याच वाटेनं जाईल, आणि तेव्हा दारात कापसाच्या गाड्या उभ्या असतील. मी १९९९ पासून यवतमाळ जिल्ह्यात हेच काम करतो. काट्यावरची जळालेली जेवढी कार्डं माझ्या टेबलावर आली, त्यातली फारच थोडी चुकीची बसवल्यामुळे जळाली होती.

कार्डाचं पाकीट फोडण्याआधी एक गोष्ट बघा. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा आणि मदरबोर्डच्या खालच्या कडेला टॉर्च मारा. तिथे ५ पिनांच्या दोन ओळी आणि त्यातली एक पिन गायब, असा छोटा काळा किंवा रंगीत चौकोन दिसतो का? त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘कॉम’ किंवा ‘जेकॉम १’ असं छापलेलं असतं. बऱ्याच नव्या बोर्डांवर मागे सिरीयल पोर्ट, म्हणजे ती ९ पिनांची जागा, नसतो, पण आत ही जागा ठेवलेली असते. मागे बसणाऱ्या पट्टीवर ९ पिनांचं सॉकेट असलेली वायर मिळते, ती तिथे लावली की पोर्ट तयार, आणि तोही खरा कॉम १ (विंडोज सिरीयल पोर्टांना कॉम १, कॉम २ अशी नावं देतं). जुन्या काटा सॉफ्टवेअरसाठी याचा फायदा मोठा आहे. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यातले प्रोग्राम कॉम १ ला थेट त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतात. बोर्डावरच्या पोर्टला तोच पत्ता मिळतो. पीसीआय एक्स्प्रेस कार्डाला वेगळाच पत्ता मिळतो, मग विंडोजमध्ये नाव कॉम १ दिलं तरी तसा प्रोग्राम त्याला ओळखत नाही. तुमचं सॉफ्टवेअर विंडोजचं असेल तर ही अडचण येणार नाही.

ही पट्टीची वायर घेताना एक खबरदारी. तिच्या आतल्या जोडणीच्या दोन पद्धती बाजारात आहेत आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. चुकीची लावली तर जळत काही नाही, फक्त काटा बोलत नाही. दुकानदाराला बोर्डाचं मॉडेल सांगून घ्या आणि बदलून द्यायचं कबूल करून घ्या. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सिरीयल पोर्ट चालू केलेला आहे ना, तेही बघा.

आता कार्ड. तुमच्या कार्डाची सोनेरी कडा आखूड असेल, बोटाच्या दोन पेरांहूनही कमी. ती एक लेनची, म्हणजे एक्स १. हे कार्ड त्याच मापाच्या छोट्या खाचेत बसतं, आणि छोटी खाच मोकळी नसेल तर ग्राफिक्स कार्डाच्या लांब खाचेतही बिनधास्त बसतं. छोटं कार्ड मोठ्या खाचेत चालतं, मोठं कार्ड बंद टोकाच्या छोट्या खाचेत जात नाही. वेगाची चिंता नको. पहिल्या पिढीची एक लेनसुद्धा सेकंदाला २५० मेगाबाइट वाहून नेते, आणि तुमचा काटा ९६०० च्या वेगानं बोलत असला तरी सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं पाठवतो. बंद पडलेल्या मशीनमधली जुनी, साध्या पीसीआयची कार्डं मात्र इथे लावायचा प्रयत्न करू नका. साधी पीसीआय १९९२ ची, पीसीआय एक्स्प्रेस २००३ ची. दोन्हींच्या खाचा वेगळ्या आहेत आणि जोर लावला तर बोर्डच फुटतो.

कार्ड हातात आलं की पहिलं काम म्हणजे त्यावरच्या मोठ्या काळ्या चिपचा मोबाइलनं जवळून फोटो काढणं. त्यावरचं नाव आणि नंबर वाचता आला पाहिजे. पुढे ड्रायव्हर शोधताना पाकिटावरच्या नावाचा काही उपयोग होत नाही, या नंबराचाच होतो. एकदा कार्ड आत गेलं की तो नंबर खालच्या बाजूला वळतो आणि दिसत नाही.

मग वीज. शटडाउन केलं म्हणजे बोर्ड मेला असं समजू नका. २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधली जांभळी वायर बघा. मशीन बंद असलं तरी तिच्यातून ५ व्होल्ट बोर्डाला मिळतच राहतात, म्हणून तर काही बोर्डांवर बारीक दिवा जळत राहतो. त्या अवस्थेत कार्ड घातलं किंवा काढलं, तर खाचेतल्या पिना एका क्षणासाठी तिरक्या टेकतात आणि तेवढं पुरतं. प्लग भिंतीतून काढा. नुसता खटका बंद करू नका, कारण गावाकडच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले मी कित्येकदा पाहिले आहेत, आणि तिथे खटका न्यूट्रल तोडतो, फेज तसाच राहतो. प्लग काढल्यावर पॉवरचं बटन पाच-सात सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते आणि तो बारीक दिवा विझतो.

अंगावरची स्थिर वीज ही आपल्याकडे खरीच मोठी गोष्ट आहे. जिनिंगमध्ये कोरड्या हवेत रुई अंगाला, भिंतीला चिकटून राहते, झटकली तरी सुटत नाही, ती याच विजेमुळे. माणसाला तिचा चटका साधारण ३००० व्होल्टच्या पुढे जाणवतो, आणि चिप त्याच्या कितीतरी कमी व्होल्टेजला खराब होऊ शकते. म्हणजे चटका बसला नाही म्हणून सगळं ठीक, असं नाही. नायलॉनच्या खुर्चीवर बसून, टेरिकॉटच्या शर्टात हे काम करू नका. सुती कपडे घाला आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला सतत हात लावत राहा. कार्ड कडेला धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लागू देऊ नका.

कॅबिनेट उघडलंच आहे तर रुई साफ करून घ्या. खाचेत रुईचा एक तंतू जरी आडवा पडला तरी तिथली पिन टेकत नाही, आणि मग कार्ड कधी दिसतं, कधी नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं पंखा भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवरच स्थिर वीज जमते.

आता बसवताना. खाचेसमोरची कॅबिनेटची मागची पट्टी काढा. कार्डाच्या सोनेरी कडेत एक कट असतो. कटाच्या एका बाजूचा भाग छोटा, दुसऱ्या बाजूचा मोठा. एक्स १ कार्डाचा मोठा भाग कॅबिनेटच्या मागच्या बाजूला आला पाहिजे. कार्ड खाचेवर सरळ धरा, दोन्ही अंगठे कार्डाच्या वरच्या कडेवर दोन टोकांना ठेवा आणि सारखा दाब द्या. झोके देत, एक टोक आधी आणि दुसरं नंतर, असं करू नका. नीट बसलं की सोनेरी पट्टी दिसेनाशी होते, किंवा दिसलीच तर सगळीकडे सारख्या जाडीची एक रेघ दिसते.

नवशिक्याचे तासच्या तास खाणारी जागा यानंतर येते. कार्डाच्या लोखंडी पट्टीच्या खालच्या टोकाला एक निमुळती जीभ असते. ती बोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्या मधल्या फटीत उतरली पाहिजे. आपल्याकडच्या पातळ पत्र्याच्या कॅबिनेटात ती फट वाकलेली असते, जीभ आत जात नाही, पत्र्यावर टेकून राहते. मग तुम्ही वरचा स्क्रू आवळता, आणि जसजसा स्क्रू आवळतो तसतसं कार्डाचं आतलं टोक खाचेतून वर उचलतं. बाहेरून सगळं घट्ट दिसतं, कॉम्प्युटरला मात्र कार्ड दिसत नाही. म्हणून स्क्रू आवळताना नजर पेचकसावर नको, कार्डाच्या आतल्या टोकावर ठेवा. ते अर्धा मिलिमीटर जरी हललं तरी स्क्रू सोडा, पेंचिसनं पट्टी किंचित वाकवून सरळ करा, पुन्हा बसवा. माझ्याकडे "कार्ड खराब आहे, दुकानदारानं फसवलं" म्हणून आलेली कितीतरी कार्डं एवढ्यानंच सुरू झाली आहेत. कॅबिनेट बारीक, उभट असेल तर मोठी पट्टी बसणारच नाही. पाकिटात छोटी पट्टी येते, ती लावा.

समोरच्या बटनांच्या वायरींना घाबरू नका. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ९ पिनांचा चौकोन असतो. बहुतेक बोर्डांवर १ आणि ३ नंबरला हार्डडिस्कचा दिवा, २ आणि ४ ला पॉवरचा दिवा, ५ आणि ७ ला रिसेट, ६ आणि ८ ला पॉवरचं बटन, आणि १० नंबरची पिन नसते. तुमच्या बोर्डावर शेजारी छापलेलं असेल, तेच प्रमाण माना. बटनांच्या वायरी आपापल्या पिनांवर उलटसुलट लागल्या तरी चालतात. दिव्याची वायर उलटी लागली तर दिवा लागत नाही, काढून फिरवा, नुकसान नाही. मशीन चालू होतं की नाही हे बघायचं असेल तर ६ आणि ८ या पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा, पंखा फिरायला लागेल.

खरं नुकसान होतं ते समोरच्या यूएसबीच्या वायरीत. तीही ९ पिनांचीच असते. तिच्या १ आणि २ नंबरच्या पिनांवर ५ व्होल्ट असतात, ७ आणि ८ ग्राउंड, ९ नंबरची पिन नसते. एक ओळ सरकून किंवा उलटा लावला तर पेन ड्राइव्ह लावताक्षणी जातो, कधी बोर्डाचा तो भागही जातो. जुन्या बोर्डांवर फायरवायरचा चौकोन अगदी तसाच दिसतो, तिथे यूएसबीची वायर लावू नका. १९ पिनांची जाड निळी यूएसबी वायर काढताना सरळ वर ओढा, डुलवत काढली की बोर्डाच्या पिना वाकतात आणि त्या सरळ करणं फार जिकिरीचं काम आहे.

मशीन चालू झाल्यावर एकदा रीस्टार्टही करा. विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं, अर्धवट झोप असते, आणि नवं कार्ड कधीकधी रीस्टार्टनंतरच दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आलं तर चिपच्या फोटोवरच्या नंबरानं ड्रायव्हर टाका. मग बहुतेक वेळा सिरीयल पोर्ट कॉम ३ किंवा त्यापुढचा आणि प्रिंटरचा पोर्ट एलपीटी ३ म्हणून येतो. तुमचं सॉफ्टवेअर कॉम १ मागत असेल तर त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदला. तिथे एखादा नंबर ‘वापरात’ दाखवत असेल आणि प्रत्यक्षात मशीनला तो पोर्ट नसेल, तर ती जुनी नोंद असते, तो नंबर घेता येतो.

आता काट्याची वायर लावू नका. आधी कार्डच तपासा. पोर्टच्या पिना नीट बघा, मोठी ओळ वर धरली तर डावीकडून १, २, ३, ४, ५. त्यातल्या २ आणि ३ नंबरच्या पिनांना बारीक तांब्याची तार गुंडाळा, शेजारच्या पिनांना लागू देऊ नका. पुट्टीसारखा फुकट मिळणारा टर्मिनल प्रोग्राम उघडा, सिरीयल निवडा, फ्लो कंट्रोल ‘नन’ ठेवा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटलं तर ते कार्डातून बाहेर पडून, तारेतून फिरून परत आलेलं असतं. तार काढली की अक्षर उमटणं थांबलं पाहिजे. एवढं झालं म्हणजे कार्ड, ड्रायव्हर आणि पोर्ट नंबर तिन्ही पक्के, इथून पुढे दोष निघाला तर तो वायरीत किंवा काट्याच्या सेटिंगमध्ये शोधायचा. प्रिंटरचंही तसंच. बऱ्याच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये लाइन फीडचं बटन दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो स्वतःच चाचणीचं पान छापतो. ते छापलं तर प्रिंटर ठीक.

काटा जोडल्यावर पडद्यावर काहीच येत नसेल तर वायरीत २ आणि ३ ची अदलाबदल तपासा. चौकोनं, प्रश्नचिन्हं, वेडीवाकडी अक्षरं येत असतील तर वायर बरोबर आहे, वेग चुकला आहे. इंडिकेटरच्या पुस्तिकेत २४०० आहे की ९६००, डेटा ७ बिट की ८, ते बघून तसंच लावा. इंडिकेटर उघडू नका. त्यावर वैधमापन विभागाचं सील असतं, ते तुटलं तर शेतकऱ्यासमोर तुमच्या काट्याचा शब्द राहत नाही. आपल्याला लागणारा पोर्ट बाहेरच असतो.

आणि आता जळण्याचं. काही वर्षांमागे एका जिनिंगमध्ये एकाच हंगामात तीन कार्डं गेली. पहिली दोन मीच बदलून दिली होती. तिसऱ्या वेळी मात्र मी कार्ड न बदलता मल्टिमीटर काढला. काट्याची वायर सुटी ठेवली, कॉम्प्युटर चालू केला, मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक वायरीच्या लोखंडी शेलला (पिनांभोवतीच्या कवचाला) आणि दुसरं कॅबिनेटच्या स्क्रूला लावलं. मीटरवर ९४ व्होल्ट आले. काट्याचा दिवाणजी शेजारी उभा होता, तो म्हणाला, "म्हणूनच डब्ब्याले हात लागला का झिणझिण्या येते जी." रोज येणाऱ्या त्या झिणझिण्यांतच उत्तर होतं.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत बारीक कपॅसिटर असतात. त्यांतून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह इतका थोडा की माणसाला फक्त झिणझिण्या येतात. पण काट्याच्या इंडिकेटरचं अर्थिंग जमिनीत पक्कं असतं. चालू मशीनला तुम्ही वायर खुपसता, तेव्हा शेल किंवा ग्राउंडची पिन टेकायच्या आधी एखादी सिग्नलची पिन टेकली की तो सगळा फरक त्या पिनेतून चिपमध्ये उतरतो. रोज थोडं थोडं नुकसान, आणि एखाद्या दिवशी चिप जाते. तुमचे दीड महिने बहुधा असेच गेले.

त्या जिनिंगमध्ये केबिनच्या अर्थिंगची वायर जागेवर होती, खड्डाही होता. पण माती काळी. मार्चमध्ये ती अशी भेगाळते की भेगेत हात जावा, आणि पाइपाभोवतीची माती पाइपापासून सुटते. पावसाळ्यात केलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नुसतं नावाला उरतं. आम्ही खड्ड्यात कोळसा-मीठ भरलं, रोज दोन बादल्या पाणी टाकायला सांगितलं, आणि कॉम्प्युटर, इंडिकेटर, प्रिंटर हे तिन्ही एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर आणले. आधी प्रिंटर दुसऱ्या फेजवरच्या दोन पिनांच्या बोर्डावर होता. पुन्हा मोजलं तेव्हा मीटर एका व्होल्टच्याही खाली होता. त्या हंगामात चौथं कार्ड लागलं नाही.

तुमच्याकडे हे गावातल्या वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः सॉकेट उघडू नका. तिसरी पिन कापलेले प्लग आणि दोन पिनांचे जोड फेकून द्या. सिरीयल आणि प्रिंटरची वायर लावताना, काढताना दोन्हीकडची यंत्रं बंद ठेवायची, हा नियम काट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगा. आभाळ गरजायला लागलं की काट्याची वायर पोर्टमधून काढून ठेवा, एमसीबी आभाळातल्या विजेपासून वाचवत नाही. केबिन काट्यापासून लांब असेल तर हेही लक्षात घ्या की या ९ पिनांच्या पद्धतीत साधारण १५ मीटरपर्यंतच खात्रीनं चालतं. दोन्ही टोकांचं अर्थिंग एक करणं जमतच नसेल तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर लावा. त्यात संदेश प्रकाशातून पलीकडे जातो, तांब्याचा जोड राहत नाही, त्यामुळे दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक कार्डापर्यंत पोचत नाही.

कार्ड आजच बसवा, तारेची चाचणी करा. काट्याची वायर मात्र लावण्याआधी तिचं शेल आणि कॅबिनेटचा स्क्रू यांच्यामधलं एसी व्होल्टेज मोजा आणि तो आकडा मला कळवा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरमन येऊन जाईपर्यंत दोन-चार दिवस काटापट्टी हातानं लिहा.